तात्या आज काळा का पडला? शॅमेलिऑन पहिल्यांदा घरी आणणाऱ्यांसाठी रंग वाचायची पद्धत

आमच्या घरी एक शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे, व्हेल्ड जातीचा नर, नाव तात्या. ह्या जातीच्या नराच्या डोक्यावर उंच तुरा असतो, कॅस्क म्हणतात त्याला, तो बाजूने बघितला की थेट पुणेरी पगडी, आणि खाली चेहरा असा की दुपारी दोनला कोणीतरी बेल वाजवून झोपमोड केलीये, मग तात्याच म्हणणार ना. आम्ही राहतो टेक्सासमध्ये, डॅलसजवळ, आणि ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांत पोरांच्या हट्टापायी हा प्राणी आलाय, आणि प्रत्येक घरातून पहिल्या आठवड्यात मला एकच फोन येतो, 'अगं हा काळा पडलाय, मरत नाहीये ना?' आणि चार-सहा महिन्यांनी दुसरा फोन, 'अगं बघ काय भारी रंग आलेत, किती खुश आहे!' पहिल्या फोनच्या वेळी बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं, आणि दुसऱ्या फोनच्या वेळी तो बिचारा बऱ्याचदा रागाने धुमसत असतो. दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

त्याआधी भारतात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्याकडे रानात जो शॅमेलिऑन सापडतो, इंडियन शॅमेलिऑन, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी आणायचा नाही, पाळायचा नाही, विकत तर बिलकुल घ्यायचा नाही, कुठे जखमी सापडला तर वनविभागाला कळवायचं. व्हेल्ड, पँथर ह्या परदेशी जाती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतात, आणि कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि २०२४ ला नवे नियम आले तेव्हापासून अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला प्राणी कोणी 'गुपचूप घ्या हो ताई' म्हणून देत असेल तर तिथूनच मागे फिरा. आणि बागेतला आपला साधा सरडा, ज्याचं डोकं लालबुंद झालं की लहानपणी आम्ही 'रक्त पितोय, रक्त पितोय' म्हणून पळायचो, तो शॅमेलिऑन नाहीच, वेगळ्याच कुळातला आहे, पण तो लाल रंग पण विणीच्या दिवसातला, दुसऱ्या नराला दम द्यायचा आणि मादीला दाखवायचा, म्हणजे भाषा थोडीफार तीच.

पायरी १: मागच्या भिंतीचा रंग विसरा

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की हा ज्यावर बसेल त्याच्यासारखा होतो. पाहुणे येतात आणि लाल रुमाल पुढे धरतात, 'आता लाल होईल बघ'. होत नाही. रुमाल हलवला म्हणून घाबरून काळपट होतो, आणि पाहुणे म्हणतात बघा झाला की. त्याचा मूळचा हिरवा-तपकिरी रंग पानांत मिसळतो हे खरं, पण हे जे भराभर बदलणं आहे ते मुख्यतः दोन कामांसाठी: एकमेकांशी बोलायला आणि अंगातली उष्णता सांभाळायला. डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसल्ली ह्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या शॅमेलिऑनवर काम करून २००८ मध्ये हेच मांडलं, की ज्या जातींमध्ये रंग जास्त बदलतो तिथे तो लपण्यासाठी नाही तर एकमेकांना ठळक दिसण्यासाठी वाढलाय.

हे होतं कसं ते पण थोडक्यात सांगते कारण पुढे कामाला येतं. कातडीत वर पिवळ्या रंगाच्या पेशी, त्याखाली ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक भरलेल्या पेशी. रांगोळीचे ठिपके डोळ्यासमोर आणा. ठिपके जवळजवळ असले की त्या जाळीवरून निळा प्रकाश परततो, त्यावर पिवळा थर म्हणून आपल्याला हिरवा दिसतो, आणि प्राणी उत्तेजित झाला की ठिपक्यांमधलं अंतर वाढतं आणि परतणारा रंग पिवळ्या, केशरी, लालकडे सरकतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर हे दाखवलं. काळं पडायची यंत्रणा वेगळी, ती मेलॅनिनची, पेशीतला काळा रंग वर पसरला की सगळं गडद, आत गोळा झाला की फिकट. म्हणजे दोन वेगळी बटणं आहेत: एक 'किती काळा' आणि दुसरं 'किती भडक', आणि दोन्ही एकाच वेळी फिरू शकतात, त्यामुळे नुसतं 'रंग बदलला' म्हणून काही कळत नाही, कुठलं बटण फिरलं ते बघायचं.

पायरी २: दोन आठवडे फक्त फोटो काढा

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दिवसातून चार फोटो: सकाळी दिवे लागल्यावर दहा मिनिटांनी, अकराच्या सुमाराला, दुपारी चारला, आणि रात्री दिवे गेल्यावर एक, लांबून, मंद उजेडात. फ्लॅश नको. फोटोसोबत तापमान आणि काय चाललं होतं ते दोन शब्दात लिहा. आणि 'हिरवा' असं लिहू नका हो, त्यातून काही कळत नाही. आपल्या मराठी बायकांकडे साडीच्या दुकानात उभं राहून कमावलेली अख्खी शब्दसंपत्ती पडलीये, ती वापरा: पोपटी, शेवाळी, बाटली हिरवा, मोरपंखी, लिंबोणी, हळदी, विटकरी, आमसुली. माझ्या वहीत तात्याची एक नोंद अशी आहे: 'सकाळी आमसुली, अकराला पोपटी, पट्टे हळदी फिकट, चारला तसाच, रात्री लिंबोणी'. हा झाला त्याचा चांगला दिवस. आईला व्हिडिओ कॉलवर हेच वाचून दाखवते, ती तब्येत विचारायच्या आधी 'आज कुठली नेसलाय' विचारते.

दोन आठवड्यांनी तुमच्याकडे तुमच्या प्राण्याचा नेहमीचा रंग तयार असेल, आणि इंटरनेटवरचे सगळे तक्ते 'हा रंग म्हणजे अमुक' वाले बाजूला ठेवता येतील, कारण एकाचा शांत रंग दुसऱ्याचा चिडका असू शकतो. जातीजातीत फरक, एका जातीत पण फरक, पँथरमध्ये तर मादागास्करमधल्या भागागणिक रंग वेगळे, नोसी बेचा निळसर-हिरवा, अंबिलोबेच्या अंगावर निळे-लाल पट्टे. पिल्लं अजून वेगळी. व्हेल्डचं पिल्लू साधं पोपटी असतं आणि पहिले कित्येक महिने त्याच्यात पट्ट्यांची नाटकं नसतात, त्यामुळे 'आमच्याला रंगच येत नाहीत' म्हणून रडू नका, वय होऊ दे.

एक गोष्ट मात्र आत्ताच बघून घ्या, नर की मादी. व्हेल्डमध्ये सोपं आहे, मागच्या पायाच्या टाचेवर छोटा काटा दिसला की नर, अगदी जन्मापासून असतो. पायरी ५ मध्ये ह्याच्यावर जीव अवलंबून आहे.

पायरी ३: घड्याळ आणि थर्मामीटर आधी, काळजी नंतर

सकाळचा काळा रंग हा आजार नाही, तो त्याचा चहा आहे. रात्रभर अंग गार झालेलं असतं, दिवा लागला की तो त्याच्याखाली येतो, अंग चपटं करतो आणि दिव्याकडची बाजू गडद करतो, कारण गडद रंग उष्णता जास्त शोषतो. ह्यात बघण्यासारखी गंमत म्हणजे फक्त एकच बाजू. एकदा सकाळी मी कॉफी घेऊन समोर बसले होते, तात्या फांदीवर आडवा, दिव्याकडची बाजू काळीकुळकुळीत, पाठीच्या कण्यावर जणू पट्टी लावून रेघ मारलीये आणि रेघेच्या अलीकडे माझ्या बाजूला पोपटी. वीसेक मिनिटांनी सावकाश, एक पाय उचल, विचार कर, ठेव, असं करत वळला, आणि पोळी उलटावी तशी दुसरी बाजू भाजायला दिली. नामिबियाच्या वाळवंटातला नामाक्वा शॅमेलिऑन हेच करतो, सकाळी काळा आणि दुपारी उन्हाचा तडाखा बसला की पांढुरका.

तर सकाळी काळा आणि तासाभरात हिरवा, विषय संपला. अकरा वाजले, दुपार झाली आणि अजून गडदच, दिव्याखालून हलतच नाही, तर टेंपरेचर गन घ्या आणि तो बसतो त्या फांदीचं तापमान बघा. मोठ्या व्हेल्ड नराला बसायच्या जागी साधारण २९ ते ३२ सेल्सिअस पुरतं, मादीला २७ ते २९ च्या वर नको, बाकी पिंजऱ्यात २२ ते २७, आणि रात्री गार झालेलं त्यांना आवडतं, मूळचे येमेन आणि सौदीच्या नैऋत्य डोंगरांतले आहेत, तिथे रात्री चांगल्या गार होतात. म्हणजे रात्रभर लाल बल्ब लावून ठेवायची काही गरज नाही.

उलट बाजू पण लक्षात ठेवा. दिव्याखाली बसून पांढराफटक पडलाय आणि तोंड उघडं ठेवलंय तर त्याला गरम होतंय, दिवा वर घ्या. दिवा जाळीच्या बाहेर आणि वरच्या फांदीपासून इतका लांब हवा की त्याचा कॅस्क कधीच जाळीला टेकणार नाही, कारण ह्यांना भाजतंय हे वेळेत कळत नाही आणि ते सुखाने बसून राहतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये जो गारठा पडला तेव्हाची गोष्ट सांगते, कारण रंग 'संपणं' काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. डॅलसला पारा उणे १९ सेल्सिअसला गेला होता, आमच्याकडची वीज गेली, घरात ११ डिग्री. पहिले काही तास तात्या काळा होता, काळाकुट्ट, म्हणजे अजून प्रयत्न करत होता, कुठून ऊब मिळाली तर घेऊ म्हणून. संध्याकाळी बघते तर काळा पण नाही, मातकट, राखेसारखा, पट्टे पुसल्यासारखे, हात लावला तरी फुत्कार नाही, रंगात काही म्हणजे काही फरक नाही. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. त्याला एका कापडी पिशवीत घालून नवऱ्याच्या जॅकेटच्या आत ठेवला, नवरा रात्रभर सोफ्यावर बसून, आणि मी दर तासाला चेन उघडून मोबाईलच्या उजेडात बघणार. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, पाऊण तासाने दिव्याकडची बाजू परत काळी झाली आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं, काळा रंग बघून! त्या काळात खायला काही दिलं नव्हतं, तेही लक्षात ठेवा, अंग गार असताना अन्न पचत नाही. तर काळा म्हणजे वाईट असं नसतं, रंग हलतोय तोवर बरं आहे. परिस्थिती बदलली तरी तासन्‌तास रंग तसाच, हे वाईट.

पायरी ४: रंग एकटा वाचू नका, अंगाकडे बघा

ह्याच पायरीला लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा लांबण लावते.

भडक रंग म्हणजे आनंद नाही. परत सांगते, नाही. ते जे फोटोंमध्ये दिसतात, पिवळाधमक, मोरपंखी, केशरी ठिपके, ते बहुतेक वेळा समोर दुसरा नर दाखवून नाहीतर आरसा धरून काढलेले असतात, पाळणारे त्याला 'फायर्ड अप' म्हणतात. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या रसेल लिगन आणि केविन मॅकग्रॉ ह्यांनी २०१३ मध्ये व्हेल्ड नरांच्या झुंजी कॅमेऱ्यात घेऊन अंगावरच्या २८ ठिकाणांचे रंग मोजले. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळ तो पुढे चाल करून जायची शक्यता जास्त, आणि ज्याचं डोकं जास्त उजळ आणि झपाट्याने उजळतं तो जिंकायची शक्यता जास्त. मग २०१४ मध्ये लिगनने दुसरी बाजू दाखवली, जो हरतो तो पटकन गडद होतो, म्हणजे 'बाबा रे मी गेलो, मारू नकोस'. आता हे घरात लावून बघा. तुम्ही पिंजऱ्यासमोर आलात आणि तो भडकला तर तो तुम्हाला हुसकावतोय. तुम्ही आलात आणि तो काळपट होऊन फांदीमागे सरकला तर तो तुम्हाला शरण आलाय, घाबरलाय. दोन्हीत प्रेम कुठेच नाही, वाईट वाटून घेऊ नका. ज्या दिवशी तुम्ही आलात आणि रंगात काहीच झालं नाही, नुसता एक डोळा तुमच्याकडे फिरला आणि परत गेला, त्या दिवशी तुम्ही त्याच्या लेखी फर्निचर झालात, आणि ह्या प्राण्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

राग ओळखायचा कसा: अंग दोन्ही बाजूंनी दाबून पापडासारखं चपटं, म्हणजे बाजूने दुप्पट मोठा दिसेल, गळा फुगवलेला, शेपटीची गुंडाळी उघड-मीट, अंग डोलवणं, तोंड उघडून फुस्स, आणि पट्टे एकदम ठळक. भीती: अंग बारीक करून फांदीच्या पलीकडे, फांदी तुमच्या आणि त्याच्या मध्ये, रंग गडद, पट्ट्यांचा फरक मिटलेला, डोळे तुमच्यावर. आणि शांत असला की साधा हिरवा, पट्टे फिके, शेपटी सैल किंवा गोल, डोळे दोन दिशांना फिरतायत. दिसायला अगदी कंटाळवाणा. तुम्हाला रोज हाच हवाय.

कारण सापडत नाही तेव्हा पिंजऱ्याच्या जागी स्वतःचं डोकं ठेवून बाहेर बघा, शब्दशः. आमच्याकडे मध्यंतरी तात्या रोज सकाळी दहा-साडेदहाला भडकायचा, हळदी पट्टे, गळा टमाट्यासारखा फुगलेला, अर्धा तास तमाशा, मग गप. चार दिवस काही कळेना, दिवा बघितला, पाणी बघितलं, किडे बदलले. पाचव्या दिवशी मी स्टूलवर चढून पिंजऱ्याला गाल लावून उभी राहिले, आणि समोर भिंतीला टेकवून ठेवलेली नवी काचेची फ्रेम, अजून टांगायची राहिलेली, तिच्यावर दहाला खिडकीतून ऊन यायचं आणि त्यात स्पष्ट दिसत होता एक हिरवा पगडीवाला. फ्रेम उलटी केली, प्रश्न मिटला. टीव्हीचा काळा पडदा, चकचकीत कपाट, काचेचा टँक, सगळ्याचा हाच त्रास. ह्याच कारणाने दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात कधीच नाही, एकमेकांना दिसतील असे शेजारी पण नाही. 'जोडी ठेवा, एकटा कंटाळेल' असं दुकानवाल्याने मला सांगितलं होतं, दोन पिल्लं गळ्यात मारायची होती त्याला. हा एकटाच राहणारा प्राणी आहे, कंटाळत नाही.

उंची पण बघा. पिंजरा जमिनीवर असेल तर त्याच्या दृष्टीने आपण सगळे वरून झडप घालणारे पक्षी. टेबलावर घ्या, वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर गेली पाहिजे, अर्धी काळजी इथेच मिटते. आमच्याकडे गणपतीत पाच दिवस तीस-चाळीस माणसं येऊन जातात, पहिल्या वर्षी पिंजरा हॉलमध्येच राहिला, आरतीला टाळ-झांजा आणि टाळ्या वाजवणारे हात, तात्या पहिल्या दिवशी पट्टेदार, दुसऱ्या दिवशी काळपट, तिसऱ्या दिवशी काळपट आणि खाणं बंद. ह्यांना बाहेरून कान नसतात, ऐकायला तसं कमीच येतं, पण ती हालचाल आणि गर्दी, वर धुपाचा धूर. आता चतुर्थीच्या आठवडाभर आधीच त्याची रवानगी वरच्या बेडरूममध्ये, झाडांसकट.

पायरी ५: मादी असेल तर हे आधी वाचा

मादीचा रंग बहुतेक एकाच प्रश्नाचं उत्तर असतो, नर हवाय का नको. व्हेल्ड मादी तयार असेल तर हिरव्यावर फिकट निळसर ठिपके येतात, अंग मोकळं. नको असेल किंवा पोटात अंडी असतील तर अंग गडद, जवळजवळ काळं, त्यावर पिवळे आणि निळे ठिपके चमकणारे, आणि नर दिसला की तोंड उघडून अंगावर धावते. पँथर मादी तयार असताना अबोली-पीच, आणि अंडी असताना काळपट अंगावर केशरी-गुलाबी पट्टे. इतका स्पष्ट नकार आहे हा की नराला पण कळतो.

पण नवख्या माणसाला माहीत नसतं ते हे, की व्हेल्ड मादी नर कधी पाहिलेला नसताना पण अंडी घालते, कोंबडीसारखी. ती अंडी फलित नसतात पण पोटात तर असतातच. माझ्या मैत्रिणीकडे चिंगी होती, वय सात-आठ महिने. एके दिवशी गडद झाली, ठिपके आले, खाणं सोडलं आणि जी कधी खाली उतरायची नाही ती पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालायला लागली. मैत्रीण म्हणाली पोट बिघडलंय. मी म्हटलं अगं बाई, बाळंत व्हायचीये ती, बादली आण! खोल प्लॅस्टिकचा डबा, एक फूट बाय एक फूट, त्यात आठ-दहा इंच धुतलेली बारीक वाळू, बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली, आणि पिंजऱ्याला बाजूने चादर, कारण खणताना कोणी बघतंय असं वाटलं की ती काम सोडून देते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खणलं, उलटी बसली, बुजवलं, आणि वर आली ती चिपाडासारखी. बेचाळीस अंडी निघाली. ह्या जातीत २० पासून ७० पर्यंत निघतात, आणि फार खायला घातलं, फार गरम ठेवलं की जास्त, म्हणून मादीला मोजून खायला द्यायचं आणि दिवा जरा कमी.

नर न पाहिलेल्या मादीचा रंग दरवेळी इतका ठळक होईलच असं नाही, त्यामुळे व्हेल्ड मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तो डबा कायमचा ठेवून द्या, रंगाची वाट बघू नका. आणि खणतेय पण घालत नाही, थकलीये, दिवसा डोळे मिटतेय, तर ती अंडी अडकली आहेत, उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ह्यात माद्या मरतात.

पायरी ६: कात

ही पायरी छोटी. एकदम निस्तेज, राखाडी-पांढुरका, चुना लावल्यासारखा झाला आणि दोन-तीन दिवसांनी तुकडे सुटायला लागले की कात टाकतोय. पिल्लं सारखी टाकतात, मोठे क्वचित. ओढून काढू नका, पोरांना तर हात लावू देऊ नका, पाण्याची फवारणी थोडी वाढवा. बोटं आणि शेपटीच्या टोकाला अडकून राहिली तर मात्र लक्ष द्या.

पायरी ७: रात्रीचा रंग बघायला शिका

झोपलेला शॅमेलिऑन दिवसभरात कधी नसतो इतका फिका आणि गोड दिसतो, लिंबोणी-पांढरा, शेपटीची चकली, डोळे मिटलेले. तब्येतीची सगळ्यात खरी खूण मला तरी हीच वाटते, कारण झोपेत नाटक नसतं. रात्री गडद, फांदीऐवजी तळाशी, किंवा डोळे उघडे, म्हणजे काहीतरी बिघडलंय. पण टॉर्च तोंडावर मारून 'काळा आहे' म्हणू नका, उजेड पडला की पडलेली बाजू गडद व्हायला लागतेच. बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि अंधार म्हणजे टीव्ही सुरू असलेला हॉल नाही.

पायरी ८: काळा पडला तर काय क्रमाने बघायचं

किती वाजलेत. फांदीचं तापमान किती. नजरेसमोर नवीन काय आलंय, माणूस, मांजर, आरसा, खिडकीत पक्षी. पाणी मिळतंय का, हे वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, पानांवरून ओघळणारे थेंब पितात, आणि शीच्या शेजारी जो पांढरा भाग असतो तो पांढराच हवा, गडद केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. मग यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. खिडकीतलं ऊन त्यासाठी चालत नाही, काच यूव्हीबी अडवते, यूव्हीबी देणारी लांब टी-५ ट्यूबलाईट लागते आणि ती दिसायला सुरू असली तरी आतून म्हातारी होते, वर्षभराने बदला. मला पहिल्यांदा दिलेला तो वेटोळ्याचा छोटा बल्ब होता, दोन महिने मी समजत होते की सगळं बरोबर चाललंय. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावताय ना? जबडा मऊ, पाय वाकडे, फांदीवर पकड सुटतेय, तर हाडांचा आजार सुरू झालाय आणि तिथे रंग बघत बसायची वेळ गेली.

ह्या गोष्टींना वाट न बघता डॉक्टर, नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा नाही, सरपटणारे प्राणी बघणारा: दिवसा डोळे मिटून बसणं, डोळे खोल जाणं, दिव्यापासून लांब असताना मान वर करून तोंडाने श्वास, नाका-तोंडाला बुडबुडे, दोन दिवस अंग सतत गडद आणि खाणं बंद, आणि असा एखादा काळा किंवा तपकिरी डाग जो बाकी अंग हिरवं झालं तरी हिरवा होत नाही. तो डाग म्हणजे रंग नाहीच, भाजलंय, मार लागलाय किंवा बुरशी आहे. भाजल्याची जागा पहिल्या दिवशी नुसती फिकट दिसते आणि नंतर काळी पडते, म्हणून कॅस्क आणि पाठ रोज एकदा बघायची सवय लावा.

आणि जाताना ती फोटोंची वही सोबत न्या. गाडी, डबा, अनोळखी वास, कुत्र्यांचं भुंकणं, डॉक्टरच्या टेबलावर तुमचा प्राणी काळाच असणार, कितीही ठणठणीत असला तरी. तात्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरने डबा उघडला, आत कोळसा, आणि विचारलं, 'हा नेहमी असाच असतो का?' मी फोनवरचे चौदा दिवसांचे छप्पन्न फोटो पुढे केले, ते त्याने प्राण्याला हात लावायच्या आधी शांतपणे, एकेक करून बघितले.